पेनवाल्यांच्या बैठकीला मी का जाते?

‘अहो, सगळी पेनं घरबसल्या मागवता येतात, मग सुट्टीच्या दिवशी दादरपर्यंत कशाला जायचं?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

शाईचं पेन हातात धरून चार ओळी लिहिल्याशिवाय कळत नाही. निब खरडते की सरकते, शाई ओली उतरते की कोरडी, टोपण मागे लावल्यावर पेन जड वाटतं का, हे फोटोत दिसत नाही. आमच्या बैठकीत आठ-दहाजण आपापली पेनं टेबलावर मांडतात. विचारून कुणाचंही उचला, फक्त दाबून लिहू नका. महागडं पेन विकत न घेता तासभर वापरायला मिळतं आणि पुष्कळदा ते आपल्याला नकोच आहे, हेही तिथेच समजतं.

मागे एका कॉलेजच्या मुलाचं नवंकोरं पेन शिरोरेघ ओढताना खरडत होतं. आमच्यातल्या एका काकांनी निब भिंगाखाली धरली. टोकाशी दोन पात्यांपैकी एक केसभर वर आलं होतं. त्यांनी ते अंगठ्याच्या नखाने हलकेच दाबलं, भिंगातून पाहिलं, कागदावर आठचा आकडा काढला, पुन्हा दाबलं. मग भिंग त्या मुलाच्या हातात देऊन म्हणाले, ‘आता तू बघ.’ मी जाते ती यासाठी. ही नजर समोर बसून शिकावी लागते.

शिवाय आपल्या मुंबईचे प्रश्न मुंबईकरच जाणतात. पावसाळ्यात वहीचा कागद दमट होतो, शाई पसरते, अक्षराला मिशा फुटतात. तेव्हा बारीक निब आणि कमी ओली शाई बरी. ड्रॉपरने भरायच्या पेनात नळीभर शाई मावते, पण ती तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर टपकन थेंब पडतो. म्हणून असं पेन निम्म्यावर आलं की भरून टाकावं. एबोनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या, नळीतून ऊब सावकाश आत जाते, त्यामुळे जुनी माणसं तेच मागतात. कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली याच शहरात शाईच्या पुडी-गोळ्यांपासून झाली आणि एअरमेल कंपनीची पेनंही इथलीच. त्यामुळे टेबलावर परदेशी पेनांशेजारी ही हक्काने असतात, आणि मला तर तीच आधी उचलावीशी वाटतात.

यायचं असेल तर नवीन काही घेऊ नका. आजोबांचं पेन कपाटात असेल तर तेच आणा. शाई वाळून बसली असेल तर निबेचा भाग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, त्याने एबोनाइटचा रंग उडतो. स्पिरिटही नको, काही प्लास्टिकं त्याने खराब होतात. फिरवून उघडायचा भाग घट्ट बसला असेल तर जोर लावू नका, तसंच घेऊन या. उघडायला काका आहेत.