सकाळी भीमसेन, नऊनंतर शिंदे

आमच्या चाळीच्या मंडळात मूर्तीवरून कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. वर्गणीवरूनही फारसं नाही. भांडण व्हायचं ते भोंग्यावर काय लागणार यावरून. दर वर्षी श्रावणातल्या पहिल्याच सभेत, पावतीपुस्तकं वाटायच्या आधी.

चाळ ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडपासून दोन गल्ल्या आत. अंगणात मांडव, कमानीवर एक भोंगा आणि दुसरा विहिरीशेजारच्या नारळाला बांधलेला. आदल्या रात्री लाऊडस्पीकरवाले काका यायचे ते ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि पत्र्याची एक ट्रंक घेऊन, आणि पुढचे दहा दिवस मांडवामागच्या ताडपत्रीतच त्यांचा मुक्काम. ट्रंकेला कुलूप, किल्ली करदोट्याला. माझी गाण्याची आवड कुठून आली असं कोणी विचारलं की मला आधी ती किल्ली आठवते. घरात ना गाणारं कोणी ना वाजवणारं. जे कानावर पडलं ते त्या ट्रंकेतून, आणि तेही चिटणीस काकांच्या परवानगीनं.

चिटणीस काका रेल्वेत होते, त्यामुळे वेळापत्रकावर त्यांचा भारी विश्वास. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं: सहा ते आठ भक्तिसंगीत, म्हणजे भीमसेन जोशी. आठ ते दहा नाट्यपदं, नाहीतर गीतरामायण. मग वागळे इस्टेटमधून रात्रपाळी करून आलेली मंडळी झोपायची म्हणून शांतता. तीन ते पाच महिला. रात्री आरतीनंतर 'इतर'. या 'इतर'मध्ये प्रल्हाद शिंदे बसायचे, तेही नऊ वाजून गेल्यावर.

भीमसेन म्हणजे माझ्यासाठी दात घासण्याचा आवाज. हे वाचून कोणी रागावेल, पण नळाला पाणी सहालाच यायचं आणि राम फाटकांच्या चालीतला 'तीर्थ विठ्ठल' त्याच वेळी लागायचा, त्याला मी काय करणार? मोठेपणी त्यांचे राग ऐकले, भरपूर ऐकले. तरी तो पहिला आकार भोंग्यातून आला की पोटात गार काहीतरी हलायचं, ते चांगल्या हेडफोनवर कधी झालं नाही.

नाट्यपदांत आमच्याकडे राम मराठ्यांचा मान पहिला, कारण ते ठाण्यातच राहायचे. त्यांना एकदा मंडळात गायला बोलवावं असा ठराव दर सभेत यायचा आणि खजिनदार काही न बोलता वहीचं शेवटचं पान उघडून दाखवायचे. मग आम्ही रेकॉर्डवर भागवायचो. 'मंदारमाला'तली त्यांची आणि प्रसाद सावकारांची अहिरभैरवातली जुगलबंदी काकांकडे होती, पण तिला एक चरा पडलेला. ऐन तानेत पिन अडकायची आणि तेच चार सूर परत परत. काकांनी त्यावर उपाय काढला होता. प्लेअरच्या दांडीवर, पिनेच्या जरा मागे, चार आण्याचं नाणं ठेवायचं. वजनानं पिन चरा ओलांडून जायची. एका वर्षी ते नाणं नाहीसं झालं, चाळीनं सकाळी आठ वाजता तीच तान अठरा-वीस वेळा ऐकली, आणि ताडपत्रीतून काका उघडेच धावले. नाणं मी घेतलं होतं. त्याच्या चिंचेच्या गोळ्या आल्या. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

महापालिका राम मराठ्यांच्या स्मृतीत संगीत समारोह भरवते. एका वर्षी मी गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसले होते आणि तरुण गायकांनी तेच पद घेतलं. ती जागा आली, गेली, तान सरळ पुढे निघून गेली आणि माझ्या पायाचा ठेका मात्र तिथेच चुकला.

१९८३च्या जुलैअखेर वसंतराव देशपांडे गेले. सप्टेंबरात गणपती. त्या वर्षी चिटणीस काकांनी वेळापत्रक मोडलं. मला वाटतं, एकदाच. पहिला अख्खा दिवस वसंतराव. 'कट्यार काळजात घुसली'तली पदं इतक्यांदा लागली की शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी मनात, वसंतरावांनी त्या नाटकात रंगवलेल्या खाँसाहेबांच्या ताना घेत होते. पाचव्या रात्री विविध गुणदर्शन. मी दहा वर्षांची. हट्टानं खाँसाहेब झाले. वडिलांचा लग्नातला लांब कोट, डोक्याला आईची जरीची ओढणी आणि काजळाच्या मिशा. हार्मोनियमवरच्या काकांनी आधीच सांगितलं होतं, "बाळ, हे पद मोठ्या माणसांनाही जड जातं, तू आपली कविता म्हण." मी ऐकलं नाही. मुखडा बरा गेला. मग मी तान घेतली आणि ती कुठेतरी वर जाऊन बसली, खाली उतरेचना. घामानं मिशा हनुवटीपर्यंत आल्या होत्या. लोक इतके हसले की दुसऱ्या मजल्यावरून कोणाची तरी चप्पल खाली पडली. पण त्या तानेच्या वर अडकलेल्या क्षणी मला एक कळलं, की हा माणूस गाताना घसरणार आता, घसरणार, असं वाटायला लावतो आणि कधीच घसरत नाही. बाकी गायक आवडायला मला वेळ लागला. वसंतराव त्याच रात्री आवडले.

महिलांचे दोन तास कागदोपत्री माणिक वर्मा आणि किशोरी आमोणकरांचे. 'अवघा रंग एक झाला' तिथेच पहिल्यांदा ऐकलं. तो अभंग चोखोबांच्या सोयराबाईंचा, हे कोणी सांगितलं नाही. पण चारच्या सुमारास पुरुषमाणूस आसपास नाही अशी खात्री झाली की तळमजल्यावरच्या काकू ताडपत्रीपाशी जाऊन हळूच म्हणायच्या, "भाऊ, ती दुसरी लावा." दुसरी म्हणजे सुलोचना चव्हाणांची लावणी. आवाज बारीक. वाती वळणारे हात थांबायचे, कोणीतरी गुडघ्यावर ठेका धरायची. सुलोचनाबाई स्वतः डोक्यावरून पदर घेऊन लावणी म्हणायच्या, तेव्हा आपल्याला काय हरकत, असा एकंदर युक्तिवाद.

कुमार गंधर्व मात्र ट्रंकेत नव्हते. ते कॅसेटमधून आले, बँकेतल्या एका दादाबरोबर. विसर्जनाच्या आदल्या रात्री, भजन मंडळी घरी गेल्यावर, त्यानं निर्गुणी भजनं लावली. लाऊडस्पीकरवाले काका म्हणाले, "हे असं तुकड्यातुकड्यांत का गातात?" दादानं क्षयाची हकीकत सांगितली, कित्येक वर्षं गाणं बंद होतं, एक फुप्फुस कायमचं निकामी, देवासचं घर, माळव्यातली लोकगीतं. काकांना ते पटलं. मला नाही. फुप्फुस कमी म्हणून गाणं चांगलं, असं थोडंच असतं? पुढे दहाएक वर्षांनी एका रात्री लोकल बंद पडली, मुंब्र्याच्या खाडीपाशी डबा अंधारात उभा होता, कोणी बोलत नव्हतं, आणि मला त्या भजनातल्या थांबण्याच्या जागा आठवल्या. सूर नव्हेत, मधल्या मोकळ्या जागा. तेव्हापासून कुमार.

राहता राहिले शिंदे. मागच्या पत्र्याच्या खोल्यांतली मुलं दर सभेत विचारायची, पंढरीच्या वाटेचं गाणं भक्तिसंगीत नाही तर काय आहे? चिटणीस म्हणायचे, "भक्ती आहे हो, पण ढोलकी फार आहे." सगळे हसायचे, मीही. प्रल्हाद शिंदे कव्वाल्या गायचे, भीमगीतं गायचे, आणि फळ्यावरचं 'इतर' हे केवळ ढोलकीमुळे नव्हतं, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. रात्री नऊनंतर त्यांचा आवाज लागला की मांडवामागे खरी गर्दी व्हायची. आमच्या खोलीतून मी तो चोरून ऐकायचे, उशी कानावर घेतल्याचं नाटक करत. इतका सरळ, इतका न सजवलेला आवाज मी नंतर फार थोड्यांचा ऐकला.

चाळीचा आता टॉवर झाला आहे. गणपती पार्किंगच्या वरच्या पोडियमवर बसतो, भोंगे गेले, रात्री दहाला सगळं बंद. गाणी मोबाइलवरून लागतात आणि गेल्या वर्षी सकाळची पाळी माझ्याकडे होती. सहा वाजता मी प्रल्हाद शिंदे लावले.

सवासहाला लिफ्टचं दार उघडलं. चिटणीस काका, काठी टेकत. खुर्चीवर बसले, गाणं संपेपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, "भीमसेन कधी?"

"नऊनंतर, काका."