तेस्साईंच्या फुजीपर्यंतची चढण

काही वर्षांपूर्वीच्या जपान प्रवासात ओसाकातील उमेदा स्थानकावर हांक्यू रेल्वेची ताकाराझुकाकडे जाणारी गाडी पकडली आणि साधारण अर्ध्या तासाने कियोशिकोजिन येथे उतरलो. तेथून सेइचोजी मंदिरापर्यंत एक किलोमीटरहून थोडी अधिक चढण आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, आणि खोकल्यावरच्या मिरीच्या काढ्याची आठवण करून देणारा, सान्शो हा जपानी मसाला घालून शिजवलेल्या समुद्री शेवाळाचा वास. या मंदिरातला कोजिन हा चुलीचा, अग्नीचा देव. वयाच्या अशुभ मानलेल्या वर्षात भाविक येथून निखारे उचलण्याच्या लोखंडी काड्या घरी नेतात आणि ते वर्ष सरले की परत आणून ठेवतात.

मी मात्र आलो होतो तोमिओका तेस्साई या चित्रकारासाठी. क्योतोत वाढलेले, लहानपणापासून कमी ऐकू येणारे तेस्साई स्वतःला विद्वान म्हणवीत, चित्रकार नव्हे. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत या मंदिराचे प्रमुख साकामोतो कोजो यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, त्यातून चित्रांचा मोठा संग्रह येथे जमला आणि १९७५ मध्ये मंदिराच्या आवारातच संग्रहालय उभे राहिले.

१८९८ मधील, फुजी पर्वत चितारलेल्या घडीच्या जोडपडद्यांसमोर मी सर्वाधिक वेळ थांबलो. प्रत्येकी सहा घड्यांच्या या पडद्यांपैकी उजवीकडे दुरून दिसणारा अख्खा पर्वत आहे, तर डावीकडे थेट शिखरावरचे खडबडीत कडे. तेस्साई १८७५ मध्ये स्वतः फुजी चढले होते, हे डावा पडदा पाहताना पायांना जाणवते. चिनी विद्वान-चित्रकारांची शाई, यामातो-ए या जुन्या जपानी शैलीच्या चित्रांचे रंग, रिन्पा या जपानी अलंकारिक शैलीची सजावट, ओत्सु गावच्या बाजारी चित्रांतला रांगडेपणा, हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे नकला करून हातात मुरवले. म्हणूनच त्यांच्या चित्रांत कोठेही जोडकामाचा सांधा दिसत नाही, असे मला वाटते.

माझे चित्र पाहण्याआधी त्यावरचा मजकूर वाचा, असे तेस्साई सांगत. मला तर त्यातले अक्षरही कळेना. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ पुटपुटत वाचू लागले, चौथ्या-पाचव्या अक्षरावर अडले, त्यांनी पत्नीकडे पाहिले. तीही हसून मान हलवू लागली. मग आम्ही तिघेही मुकाट्याने डोंगरच पाहत राहिलो.