भाच्याची पिशवी

2021 ची ऑक्टोबर छाटणी. तासगावजवळ दाजींच्या द्राक्षबागेत कात्र्या चालू होत्या आणि सहा वर्षांचा माझा भाचा बांधावर गप्प पडून होता. एरवी छाटलेल्या काड्या गोळा करून त्यांचा ट्रॅक्टर करणारं पोर. आक्का म्हणाली, "आठ दिवस झालं, पाय दुखतंय म्हणतोय." मी पँट वर करून बघितलं, तर नडगीवर निळे डाग. पडला-झडला नव्हता.

तासगावात रक्त तपासलं, मिरजेत पुन्हा तपासलं आणि त्याच आठवड्यात आम्ही परळला टाटा हॉस्पिटलात होतो. कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढला. ॲक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा हाच, उपचार पुरे केले तर बरीच मुलं बरी होतात, असं डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आक्काला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. ती पोराच्या चपलेचा पट्टा लावत होती, काढत होती, परत लावत होती.

उपचार जवळजवळ अडीच वर्षांचा. त्या रात्री गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही तिघांनी कामं वाटून घेतली. आक्का पोराजवळ, दाजी तिच्याजवळ आणि कागद, फोन, पैसे माझ्याकडे. मी शाळामास्तर, कागदांची सवय आहे. एक कापडी पिशवी केली आणि पुढची अडीच वर्षं ती माझ्या खांद्यावर राहिली. असं घर दिसलं की मी पहिल्यांदा हेच सांगतो: आईबापाला रांगेतून मोकळं करा. ज्याच्या डोळ्यासमोर पोराला सुया टोचतात, त्याला झेरॉक्सचं दुकान शोधायला लावू नका.

पहिली अडचण रेशनकार्डाची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कार्ड हवं आणि त्यावर पोराचं नावच नव्हतं. चढवायचं आमच्याकडूनच राहून गेलं होतं. शिवाय जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. गावाकडं तीन खेपा मारल्या तेव्हा ते जुळलं. योजनेची मर्यादा तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती, आता 5 लाख झाली आहे. उरलेल्या खर्चासाठी हॉस्पिटलच्या समाजसेविका बाईंनी अर्ज भरून घेतले. त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी जायला पाहिजे होतं, आम्ही संकोचानं पंधरा दिवस घालवले. रेल्वेचंही तसंच. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एकाला 75 टक्के. हॉस्पिटलचा फॉर्म तिकीट खिडकीवर दाखवायचा. आम्ही दोन महिने पूर्ण तिकीट काढून महालक्ष्मीनं ये-जा केली.

पिशवीत दोनशे पानी वही होती. रकाने मी आखले, आकडे आक्का भरायची: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, एएनसी (त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा आकडा), प्लेटलेट, ताप, शी. सातवी शिकलेली माझी बहीण पुढं राउंडला आलेल्या डॉक्टरांना "काल एएनसी चारशे होता" असं न बघता सांगायची. स्टिरॉइड चालू असताना पोराचा चेहरा फुगला आणि भूक अशी, की रात्री दोन वाजता उठून भडंग मागायचा. सांगलीचं पोर ते, दुसरं काय मागणार? बाहेरचं बंद होतं. डाएटिशियन बाईंना विचारून आक्कानं स्टोव्हवर चुरमुरे भाजले, मीठ बेतानं, मसाला नावाला. पोरानं एकेक दाणा मोजून खाल्ला.

आता एक चूक सांगतो, माझी. दुसऱ्या केमोनंतर आम्ही गावी आलो होतो. रात्री अकराला ताप आला, 101. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, "व्हायरल दिसतंय, सकाळी बघू" म्हणाले. पिशवीत हॉस्पिटलनं दिलेला कागद होता: 100.4 च्या वर ताप गेला तर वाट बघायची नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात, कारण केमोमुळं पांढऱ्या पेशी खाली असतात आणि जंतुसंसर्ग काही तासांत अंगभर पसरतो. मला तो कागद पाठ होता. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला कागद कसा दाखवायचा, म्हणून मी तो काढला नाही. पहाटे पोर थंड पडायला लागलं तेव्हा मिरज गाठली. अकरा दिवस ॲडमिट. प्लेटलेटसाठी मंडळाची पोरं अंगावरच्या कपड्यांवर मोटरसायकलनं आली आणि बाकड्यावर ओळीनं बसून राहिली. त्यानंतर त्या कागदाच्या मी पाच प्रती लॅमिनेट केल्या. एक दाजींच्या खिशात, एक शाळेच्या कपाटात.

गावानं काय केलं, तेही सांगायला हवं. शेजारच्या दोघांनी आपल्या ट्रॅक्टरवरनं दाजींच्या बागेवर डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची, फवारणी केली, न विचारता. फोन करून "काही लागलं तर सांगा" म्हणणारे पुष्कळ होते, त्यांच्या मनातही मायाच होती, पण त्यांना काय सांगावं ते आक्काला सुचायचं नाही.

माझी भाची तेव्हा नऊ वर्षांची. ती आमच्याकडे राहिली. शाळेत जात होती, जेवत होती, त्रास काही देत नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. एका सकाळी माझी बायको तिची वेणी घालत होती. पोरगी आरशात बघतच म्हणाली, "मामी, मी त्याला झोपाळ्यावरनं ढकललं होतं. त्यानं झालं का गं?" तीन महिने हे पोटात घेऊन वावरत होती ती. हा आजार ढकलल्यानं होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे तिला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रविवारी तिला परळला नेलं. भावाचं टक्कल तिनं हातानं चाचपून बघितलं आणि मग दोघं पत्ते खेळत बसले.

शेवटचं दीड वर्ष मेंटेनन्सचं, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून चालू ठेवायच्या औषधांचं. रोज रात्री गोळी, ब्लेडनं अर्धी करून, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. अधूनमधून पाठीतलं इंजेक्शन. पोर शाळेत जायला लागलं, केस आले. इथंच घरं घसरतात. दाजींची आई म्हणाली, "पोरगं आता हुंदडतंय, कशाला इख घालताय पोटात?" पैसे संपले होते, बेदाण्याला दर नव्हता आणि दाजीही गप्प बसले. दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दाजीच आईला म्हणाले, "पान स्वच्छ दिसतंय म्हणून फवारा थांबवतो का आपण? डावणी पानाखाली असती." मी एवढं शास्त्र सांगितलं होतं, पण म्हातारीला हे पटलं. गोळी एकही चुकली नाही.

2024 च्या उन्हाळ्यात औषधं थांबली. आता तपासणीपुरतं परळला जातो. जायच्या आदल्या रात्री आक्काला अजून झोप लागत नाही.

मागच्या महिन्यात जत तालुक्यातला एक बाप कुणाकडनं तरी नंबर घेऊन घरी आला. पोरगी चार वर्षांची, निदान तेच. त्याला चहा दिला, थोरला मुलगा कुणाकडे ठेवलाय ते विचारलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि त्याच्यासमोर बसून रकाने आखायला घेतले.