फळ्यावरची तीन वाक्ये

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात मी वकिली करतो. आमच्याकडे धुऱ्याचे म्हणजे शेताच्या बांधाचे, वाटणीचे आणि वहिवाटीचे दावे जास्त. बदनामीचा दावा क्वचितच येतो. त्यामुळे कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत कागदांची पिशवी घेऊन आलेला तो तरुण शेतकरी माझ्या चांगलाच लक्षात आहे. गावच्या पांदण रस्त्याबद्दल त्याने ग्रामपंचायतीसमोरच्या फळ्यावर खडूने तीन वाक्ये लिहिली होती. त्यावरून ठेकेदाराने पाच लाखांच्या भरपाईचा दावा लावला होता आणि निकाल लागेपर्यंत त्याने या कामाविषयी काहीही लिहू वा बोलू नये, असा तात्पुरता मनाई हुकूमही मागितला होता. त्याआधी आलेल्या नोटिशीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फिर्याद करण्याचा आणि दोन वर्षांच्या कैदेचा धाक होता.

"माफी लिहून दे म्हन्तेत. पन म्या खोटं काय लेहलं, वकीलसाहेब?"

मी ती वाक्ये त्याच्याकडून कागदावर लिहून घेतली. मोजमाप पुस्तिकेत रस्ता ८०० मीटर आहे. प्रत्यक्षात तो ५२० मीटरवर, नाल्याशी संपतो. उरलेले पैसे ठेकेदाराने खाल्ले. पहिल्या वाक्यासाठी, झालेल्या कामाची मापे नोंदवणाऱ्या त्या पुस्तिकेची माहितीच्या अधिकारात मिळालेली शिक्क्याची नक्कल त्याच्यापाशी होती. दुसऱ्यासाठी त्याने पिशवीतून बैलाचा कासरा काढून टेबलावर ठेवला. दहा मीटरचा तो कासरा टेपने मापून दोन्ही टोकांना लाल चिंधी बांधलेली होती. पाच गावकऱ्यांसमोर त्याने रस्ता मोजला होता आणि कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. तिसऱ्या वाक्यासाठी मात्र त्याच्यापाशी संतापाखेरीज काहीच नव्हते. जादा मोजमाप कोणी लिहिले, बिल कोणाला किती मिळाले, हे त्या कागदांतून दिसत नव्हते. मी तसे स्पष्ट सांगितले, तेव्हा तो नाराज होऊन उठून गेला.

अर्जावरील सुनावणीत समोरचे वकील म्हणाले की, गेलेली अब्रू पैशाने परत येत नाही. हा मुद्दा मी कधीही हलका मानत नाही. बदनामी हा गुन्हा ठेवणारी तरतूद २०१६ मध्ये वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयानेही प्रतिष्ठेला संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानले आहे. पण पुरावा व्हायच्या आधीच माणसाचे तोंड बंद करणे ही वेगळी गोष्ट आहे. मजकूर द्वेषाने लिहिलेला किंवा उघड खोटा असल्याखेरीज असा अंतरिम मनाई हुकूम देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या प्रकरणात पुन्हा सांगितले होते, तो निकाल मी वाचून दाखवला. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे आणि पहिली दोन वाक्ये खरी असल्याचे आम्ही शाबीत करणार आहोत, असे मी निवेदन केले. सरकारी पैशाने झालेल्या रस्त्याची लांबी गावाने बोलायची नाही, तर कोणी बोलायची?

"आणि तिसरे वाक्य?" न्यायाधीशांनी विचारले.

मी उत्तर देण्याआधीच मागून तो उभा राहिला. "साहेब, तेवढं म्या पुसतो. बाकीचं नाई पुसत."

त्याची ही हमी न्यायालयाने नोंदवून घेतली आणि पहिल्या दोन वाक्यांपुरता अर्ज नामंजूर केला. दावा मात्र सुरूच राहणार होता. अशा दाव्यात गरीब माणूस निकालाने नव्हे, तारखांनीच थकतो. त्या एका दिवसासाठीही त्याची वेचणी खोळंबली होती आणि बोंडांनी ओरखडलेल्या बोटांत तो एसटीचे तिकीट घडी करून धरून होता. पुढच्या तारखेला कोर्ट कमिशनर नेमून रस्ता मोजून घेण्याचा अर्ज देऊ, असे मी त्याला बाहेर आल्यावर समजावले.

"टेप म्या आनतो," तो म्हणाला, "कासरा आता बैलाले पायजे."