स्पिटफायरचा पंख आणि सरळ तार

रेडिओ कंट्रोल विमानांची लढाई म्हणजे हवेतली काटाकाटीच. पतंगाला मांजा असतो, इथे विमानाच्या शेपटीला क्रेप कागदाची लांब पट्टी असते आणि आपल्या प्रोपेलरने दुसऱ्याची पट्टी छाटायची असते. स्वीडनमध्ये सुरू होऊन युरोपभर पसरलेल्या ‘एअर कॉम्बॅट’ प्रकारात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या 1:12 प्रतिकृती चालतात आणि पट्टी असते 12 मीटरची. आमच्या पुण्यातल्या टोळक्याने नियम तिथलेच उचललेत. फक्त इंजिनाऐवजी बॅटरी, कारण नायट्रोचं इंधन परवडत नाही आणि घरात त्याचा वासही कुणाला चालत नाही.

1:12 ही अट वरवर साधी वाटते. पण विमान ओळखू आलं पाहिजे, त्यामुळे पंखाचा आकार मनाला येईल तसा बदलता येत नाही. बाकीच्यांनी शहाणपणाने मेसरश्मिट, मस्टँग असले सरळ कडांचे पंख निवडले. मला मात्र ब्रिटनचं लढाऊ विमान स्पिटफायरच हवं होतं.

स्पिटफायरचा पंख लंबगोल. विमानाचे रचनाकार आर. जे. मिचेल आणि त्यांचे वायुगतिकीतज्ज्ञ बेव्हर्ली शेनस्टोन यांनी तो तसा केला, कारण पंख पातळ हवा होता आणि तरीही आठ मशिनगन व दुमडणारी चाकं त्यात मावायला हवी होती. लंबगोलात रुंदी मुळापासून, म्हणजे पंख धडाला जोडतो तिथपासून, बऱ्याच अंतरापर्यंत टिकून राहते आणि मग टोकाकडे झपाट्याने उतरते. 5 मार्च 1936 ला विमान पहिल्यांदा उडालं. पण हाच पंख कारखान्यात बनवताना इंग्रजांच्या नाकी नऊ आले आणि विमानं हातात पडायला उशीर झाला. त्यांच्याकडे पत्रा वळवणारे कारागीर होते, माझ्याकडे गॅलरी आणि गरम तार.

गरम तारेचं गणित सरळ आहे, आणि तिथेच अडतं. फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाच्या आकाराचे साचे लावायचे, धनुष्याला ताणलेली तापलेली तार त्यांच्यावरून ओढायची, मधला फोम आपोआप कापला जातो. पण तार ताणलेली, म्हणजे सरळ. एका साच्यापासून दुसऱ्यापर्यंत ती सरळ रेषाच काढणार. निमुळता पंख मिळेल, गोल मिळणार नाही.

पहिला विचार कुणालाही सुचेल तोच: मोठा निमुळता पंख कापायचा आणि मग कडा गोल छाटायच्या. कागदावर आखून बघितल्यावर त्यातली गोम कळते. पुढची कड छाटली की छेदाचं गोल नाकच जातं आणि उरतो तो बोथट ठोकळा. मग तो पॉलिश पेपरने घासत बसायचं, आणि दोन्ही पंखांची नाकं सारखी यावीत म्हणून देवाला हात जोडायचे. गोलाई तारेत आणता येत नाही, तर ती तुकड्यांत आणायची असं ठरवलं.

खऱ्या विमानाच्या पंखांची एकूण लांबी 11.23 मीटर, म्हणजे माझी 936 मिमी. एक बाजू 468. मुळाशी रुंदी 212 धरली. लंबगोलाची रुंदी काढायला कॉम्प्युटरही लागत नाही: मुळापासूनचं अंतर भागिले 468, त्याचा वर्ग, तो 1 मधून वजा, त्याचं वर्गमूळ, गुणिले 212. अर्ध्या अंतरावर, म्हणजे 234 ला, रुंदी येते 184. पाऊण अंतरावर 140. नव्वद टक्क्यांवर, 421 ला, 92. म्हणजे पहिल्या अर्ध्यात पंख जेमतेम 28 मिमी अरुंद होतो आणि पुढच्या पाव भागात एकदम 44. गोलाई सगळी टोकाकडे आहे. म्हणून तुकडेही सारखे नकोत: पहिला लांब, पुढचे आखूड होत जाणारे. 0 ते 234, मग 351 पर्यंत, मग 421 पर्यंत, आणि शेवटचं 47 मिमीचं टोक वेगळं. सरळ कडा आणि खरा लंबगोल यांच्यात सगळ्यात जास्त फरक पहिल्या तुकड्याच्या मध्यावर पडतो, तोही 7 मिमी. त्यातला बराचसा मागच्या कडेवर ढकलला, कारण तिथे बाल्साच्या हलक्या लाकडाची एलेरॉनपट्टी (विमान कलवणारी हलती पट्टी) येणारच होती आणि ती हवी तशी गोल कापता येते.

फोम ईपीपी, म्हणजे फुगवलेलं पॉलिप्रॉपिलीन, लिटरला 20 ग्रॅमवाला. थर्माकोल स्वस्त आणि कापायला लोण्यासारखा, पण टक्कर झाली की तुकडे होतात. ईपीपी दबतो आणि परत वर येतो. लढाईत विमानं एकमेकांवर आदळणारच, तेव्हा इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. तोटा एकच: तो कापायला चिवट. थर्माकोलच्या वेगाने तार ओढली तर मागे केसासारखे धागे सुटतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो.

सामान जमवताना एक गंमत झाली. ट्रान्सफॉर्मर शोधत होतो तर ओळखीतल्या एका डेकोरेटर काकांनी माळ्यावरून त्यांचा जुना काढून दिला. पूर्वी ते गणपतीची मखरं कापायचे. 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि तेव्हापासून ते पुठ्ठा आणि कापडावर काम करतात. “तारेला कधी लाल होऊ द्यायची नाही,” ते म्हणाले, “लाल झाली की ती कापत नाही, जाळते.” मखरातल्या महिरपी ते उभ्या तारेने, ठोकळा फिरवून कापायचे. हे ऐकून माझ्या पंखाच्या टोकाचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला, पण ते पुढे येईलच.

तार निक्रोमची (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू), 26 गेजची. मीटरला साधारण पावणेसात ओहम. माझ्या धनुष्यात 1.1 मीटर तार आहे, म्हणजे 24 व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास करंट. पाच अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. त्याच्या आधी डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र, लावला की उष्णता कमी-जास्त करता येते. तार थेट डिमरस्टॅटला कधीही जोडू नका. त्याला वेगळं वाइंडिंग नसतं, त्यामुळे आकडा 24 दाखवत असला तरी तारेला हात लावला तर घरच्या मेन लाइनचा झटका बसू शकतो. आणि गॅलरीची दारं उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

तापल्यावर ही तार तीन-चार मिमी लांब होते. थंड असताना टणत्कार करणारी तार गरम होताच लोंबते. म्हणून धनुष्याच्या एका टोकाला स्प्रिंग. तरीही कापताना मधला भाग थोडा मागे राहतोच, कारण टोकं साच्यावरून सरकतात आणि मध्य फोममध्ये रुतलेला असतो. म्हणजे जिथे मला गोलाई हवी तिथे तार सरळ, आणि जिथे सरळ हवी तिथे गोल! उपाय दोनच: घाई करायची नाही, आणि पुढच्या कडेच्या वळणावर क्षणभर थांबून मध्याला येऊ द्यायचं.

साचे सनमायकाचे. कड बारीक पॉलिश पेपरने घासून वर पेन्सिलीचं शिसं चोळलं की तार अडकत नाही. तार जिथून जाते तिथे मिलिमीटरभर फोम वितळून जातो, तेवढा साचा मोठा. छेद ‘नाका 2412’ (NACA या अमेरिकी संस्थेच्या ठरीव छेदांपैकी एक). खऱ्या स्पिटफायरचा याच कुळातला, पण मुळाशी जाड आणि टोकाला पातळ होत जाणारा. मी 12 टक्के जाडी सगळीकडे तशीच ठेवली. पंखाचा पीळ, म्हणजे टोकाचा कोन मुळापेक्षा कमी ठेवणं, मात्र सोडला नाही. लंबगोल पंख वेग कमी झाला की कुठल्याही क्षणी एका बाजूला कलंडू शकतो. खऱ्या विमानात मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा पीळ होता, मी दोन दिला. 92 मिमी रुंदीवर दोन अंश म्हणजे मागची कड सुमारे 3 मिमी वर. तेवढी चकती साच्याखाली.

कापायला दोन माणसं लागतात. मी आणि माझा भाचा. दोन्ही साच्यांवर 0 ते 10 खुणा, मुळाशी लांब लांब, टोकाशी जवळ जवळ. दोघांनी एका वेळी एकाच आकड्यावर पोचायचं. शेवटच्या तुकड्यात माझ्याकडे 140 मिमी आणि त्याच्याकडे 92, म्हणजे त्याने माझ्या दोन तृतीयांश वेगाने जायचं.

“चार... पाच...”

“मामा, तू पळतोयस.”

“मी पळत नाहीये, तू थांबलायस.”

“मी पाचावर आहे! तूच सहावर गेलास!”

शेवटी आकडे पुकारायला आईला खुर्ची टाकून बसवलं. तिने भाजी निवडत निवडत इतक्या संथ लयीत मोजलं की त्यानंतर दोघांच्या हातात फरक पडला नाही. लहान बाजूला तार जास्त वेळ रेंगाळते, म्हणून तिथे जास्त वितळतं, हे दुसऱ्या तुकड्यातच दिसलं. मग छोट्या साच्याला आणखी अर्धा मिमी वाढवला. वरची बाजू आधी, खालची नंतर. कापून उरलेली वरची-खालची फोमची साल मात्र अजिबात टाकू नका. चिकटवताना पंख त्याच सालीत ठेवला आणि वर विटा मांडल्या की पीळ जसाच्या तसा राहतो.

आता टोक. 47 मिमी लांब, 92 मिमी रुंद, आणि सगळीकडून गोल. इथे काकांची महिरप कामाला आली. वरून बघताना दिसणारी गोलाई कापायची असेल तर तार उभी धरायची. टेबलाला भोक, त्यातून वर गेलेली छोटी तार, फोमला वर-खाली सनमायकाचे गोल साचे पिनांनी टोचलेले, आणि ठोकळा हाताने फिरवायचा. तार सरळच राहते, वळतो तो फोम. जाडीची गोलाई उरते, ती पॉलिश पेपरने. एवढा छोटा तुकडा घासायला वेळ लागत नाही. आमच्यातला एक जण म्हणालाच, की टोकं छाटलेली स्पिटफायरही होती, तीच कर की! होती हे खरं, कमी उंचीवर झटकन लोळण घेता यावी म्हणून. पण मग गोल पंखाचा एवढा खटाटोप कशासाठी?

जोडायला फेविबॉन्ड. हे थर्माकोलला लावलं तर तो विरघळून खड्डा पडतो, ईपीपीला काही होत नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच नीट दाबायचं. नंतर सरकवता येत नाही. सांध्यांची भीती होती म्हणून 6 मिमीची कार्बन नळी मुळापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत अखंड टाकली. इथे स्पिटफायरच्या आकाराचा उपयोग होतो. पंख गोल असला तरी पुढच्या कडेपासून पाव रुंदीवरची रेषा सरळ ठेवता येते, आणि नळी त्याच रेषेवर बसते. खोबण सोल्डरिंग आयर्न पट्टीला धरून पाडली. दोन पंख मध्यभागी 3 मिमी प्लायच्या तुकड्याने जोडले, खऱ्या विमानासारखे प्रत्येक बाजूला 6 अंश वर. नळीच्या वर आणि खाली फायबर टेप, आणि सगळ्यावर रंगीत पॅकिंग टेप.

नुसत्या फोमचं वजन हिशेबाने 46 ग्रॅम येत होतं, काट्यावर पन्नाशीच्या आत-बाहेर आलं. तोल मुळाशी पुढच्या कडेपासून 53 ते 55 मिमीवर, म्हणजे पाव रुंदीच्या रेषेवर किंवा जरासा मागे.

पहिली उड्डाणं सकाळी, हरभरा काढून मोकळ्या झालेल्या रानात. दुपारनंतर वारा सुटतो. उंचावर नेऊन वेग कमी करत गेलो तेव्हा नाक हळूच खाली आलं, पंख कलंडला नाही. पिळाने काम केलं. लढाईत एका मस्टँगने उजव्या पंखावर धडक दिली, पुढच्या कडेला अंगठा मावेल एवढा खड्डा. उकळतं पाणी ओतल्यावर तो बराचसा भरून आला. सांधे सगळे शाबूत होते. फाटली ती फक्त टेप, आणि तीही दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर, जिथे सांधा नव्हताच.

भाच्याला आता पी-47 थंडरबोल्ट हवं आहे. त्याचाही पंख अर्धवट लंबगोल, 1:12 ला मीटरहून थोडा मोठा. सनमायकाचा तुकडा शिल्लक आहे, आईला विचारायचं बाकी आहे.