दुर्बीण सगळ्यात शेवटी घ्या

“ताई, दुर्बीण कोणती घेऊ?” हा प्रश्न मला लग्नात, बाजारात, जत्रेच्या गर्दीत, कुठेही गाठतो. विचारणाऱ्यानं बहुधा मृगातल्या तेजोमेघाचा नाहीतर आकाशगंगेचा माझा एखादा फोटो पाहिलेला असतो. तो गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या परसातून काढलाय म्हटल्यावर त्याला वाटतं, परस तर आपलंही आहे. खरंच आहे, आणि तुम्हालाही हे नक्की जमेल. पण दुर्बीण सगळ्यात शेवटी घ्या. एवढंच उत्तर दिलं की लोकांना वाटतं मी टाळतेय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

डोळ्यांनी आकाश पाहणं आणि त्याचा फोटो काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पणजीत ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’च्या मंडळींनी जुन्ता हाउसच्या गच्चीवर वेधशाळा चालवली. तिथल्या दुर्बिणीतून शनीची कडी पाहून हरखलेला माणूस घरी येऊन मोठ्या दुर्बिणीचीच स्वप्नं पाहणार, हे साहजिक आहे. पण शनी लहान आणि तेजस्वी आहे. तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड, दूरचे समूह) नेमक्या उलट: अंधूक, पण चांगल्याच मोठ्या. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे ३ अंश पसरलेली आहे, पूर्ण चंद्राच्या सहापट रुंद. आठ इंची, २००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेन्थच्या) दुर्बिणीला नेहमीचा एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा लावला, तर चौकटीत पाऊण अंशसुद्धा मावत नाही. म्हणजे महागडी दुर्बीण घेऊन देवयानीचा फक्त मधला गोळा दिसणार. तोच कॅमेरा साध्या १३५ किंवा २०० मिलिमीटरच्या लेन्सवर लावा, अख्खी दीर्घिका ऐसपैस बसते.

मग पहिला पैसा कशावर घालायचा? माउंटवर. म्हणजे ज्याच्यावर कॅमेरा बसतो आणि जे पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट, ताऱ्यांबरोबर हळूहळू वळत राहतं, त्यावर. हे किती गरजेचं आहे ते हिशेबानंच कळेल. अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला. पृथ्वी फिरते त्यामुळे आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. कॅमेऱ्याचा पिक्सेल ४ मायक्रॉनचा आणि लेन्स ५० मिलिमीटरची असेल, तर एका पिक्सेलमध्ये साधारण १६ विकला येतात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल तारा ओढला जातो. २०० मिलिमीटरवर तो सेकंदाला चार पिक्सेल पळतो. दोन मिनिटांचं एक्स्पोजर हवं असेल तर माउंटला पर्याय नाही, कॅमेरा लाखाचा असला तरीही.

सुरुवातीला मोठं माउंट नको. ‘स्टार ॲडव्हेंचरर’ किंवा ‘स्कायगाइडर प्रो’ अशा जातीचा लहान ट्रॅकर पुरतो. तो पिशवीत मावतो आणि कॅमेरा-लेन्स आरामात फिरवतो. कंपनी पाच किलोचं वजन पेलेल असं सांगते, मी त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबायला सांगेन. ट्रायपॉड मात्र जड घ्या. दुकानात त्याच्या डोक्यावर टिचकी मारून बघा, थरथर किती वेळ टिकते ते. तुमच्या शंभर रुपयांतले पन्नास ट्रॅकर आणि ट्रायपॉडवर गेले तर मी म्हणेन, योग्य गेले.

कॅमेरा घरात असेल तोच वापरा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो काढा, ऑटोफोकस बंद करा, लेन्सवर बाहटिनोव्ह मास्क (फोकससाठीची खाचांची चकती) लावून तेजस्वी ताऱ्यावर फोकस जुळवा. पन्नास मिलिमीटरची एफ १.८ लेन्स असेल तर तिचं छिद्र लहान करून २.८ वर आणा, कोपऱ्यातले तारे सुधारतात. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे लाल तेजोमेघ फिके येतात. म्हणून पहिल्या हंगामात कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी आणि आकाशगंगा घ्या. एवढ्यात भरपूर शिकून होतं.

आता गोव्याचं. बाजारातल्या बहुतेक सूचना युरोप-अमेरिकेतल्या परसांसाठी लिहिलेल्या असतात आणि खरी अडचण तिथेच येते. ट्रॅकरचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करावा लागतो, त्यासाठी ध्रुवतारा शोधायचा. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश: लंडनमध्ये ५१ अंशांच्या वर, दिल्लीत २८, आपल्याकडे जेमतेम साडेपंधरा. इतक्या खाली गोव्यात काय असतं? शेजाऱ्याचे माड, डोंगराची कड आणि क्षितिजावरचा धुरकट थर. आमच्या घरापासून ध्रुवतारा दोन माडांच्या मध्ये दिसतो, तोही झावळ्या हलल्या तर.

यावर दोन उपाय आहेत. एक संगणकाचा. ‘नीना’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीन फोटोंवरून अक्ष जुळवायची सोय आहे. कॅमेरा आकाशाच्या मोकळ्या भागाचे फोटो घेतो, सॉफ्टवेअर त्यातले तारे नकाशाशी ताडून बघतं आणि अक्ष किती व कुठे चुकलाय ते सांगतं. ध्रुवतारा दिसायची गरजच नाही. दुसरा उपाय चिऱ्यांचा, आणि तो मला जास्त प्रिय आहे. परसात जिथून दक्षिण मोकळी दिसते तिथे तीन चिरे जमिनीबरोबर पुरून घेतले आहेत. प्रत्येकावर ऑइलपेंटची एक फुली आणि ट्रायपॉडच्या पायांवर किती लांबी काढायची त्याची खूण. एकदा अक्ष नीट जुळला की पाय त्याच फुल्यांवर ठेवायचे, पुढच्या वेळी काम पाच मिनिटांचं. लाल मातीत ट्रायपॉड नुसता ठेवला तर दंवानं माती मऊ होऊन तासाभरात एक पाय खचतो. चिऱ्यावर तो हलत नाही. गच्चीपेक्षाही हे बरं. गच्चीवर कुणी चाललं तरी तारा नाचतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. चिरे मात्र माडाच्या बुंध्याजवळ पुरू नका. नारळ कधी पडेल ते सांगता येत नाही.

पुढे मोठं माउंट घ्याल तेव्हा ते १५ अंशांपर्यंत खाली येतं ना, हे आधी विचारा. इतक्या कमी अक्षांशावर तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायावर आपटू शकतो. मध्ये छोटा एक्स्टेंशन खांब लावला की प्रश्न सुटतो.

ध्रुवतारा खाली गेल्याची भरपाई दक्षिणेला मिळते. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ लंडनमध्ये कधी उगवतच नाही. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यरात्री तो २७ अंश वर असतो. त्रिशंकू दिसतो. नौकातलातला एटा कॅरिनाचा तेजोमेघ मृगातल्या तेजोमेघापेक्षाही मोठा, तो मार्चमध्ये १५ अंशांवर येतो. युरोपातले हौशी लोक यासाठी विमानानं नामिबियाला जातात. तुम्हाला फक्त दक्षिणेकडचं एक झाड सोडून बसायचंय. म्हणून जागा निवडताना उत्तरेचा हट्ट सोडा आणि दक्षिण मोकळी ठेवा.

गोव्यात उपकरणांचा खरा वैरी म्हणजे दमट हवा. थंडीत रात्री दहा-अकरानंतर ट्रायपॉडला हात लावला तर बोटं ओली होतात. भिंगावर दंव धरलं की तारे आधी फुगतात, मग विझतात. लेन्सच्या तोंडाशी गुंडाळायची हीटरची पट्टी मिळते, पॉवर बँकेवर चालते. भिंग हवेपेक्षा दोन-चार अंश उबदार राहिलं तरी पुरे. ही पट्टी दुसऱ्या लेन्सच्या आधी घ्या. एसी असलेल्या खोलीतून कॅमेरा थेट अंगणात नेऊ नका, क्षणात भिंगावर धुकं बसतं. तासभर आधी बॅगेसकट पडवीत ठेवा. काम संपल्यावर ओल्या लेन्सला टोपण लावून बॅगेत कोंबणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पंख्याखाली पूर्ण सुकू द्या, मगच आत ठेवा.

जून ते सप्टेंबर हे सगळं घरातच असतं आणि बुरशी तेव्हाच लागते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक धागा दिसतो. तो पुसून काढता आला तरी भिंगावरचा लेप खाल्ला गेलेला असतो. परवडत असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, नारिंगी रंगाचं सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं, फक्त स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तरी कॅमेरा बाहेर काढून चालवा.

उष्णतेचंही पाहा. सेन्सर दर सहाएक अंश तापला की त्यातला नको असलेला प्रवाह दुप्पट होतो, आणि आपल्या रात्री एप्रिलमध्ये पंचविशीच्या खाली फारशा उतरत नाहीत. म्हणून त्याच तापमानात, त्याच एक्स्पोजरचे डार्क फोटो (हा प्रवाह नंतर वजा करण्यासाठीचे काळे फोटो) त्याच रात्री टोपण लावून घ्या, थंड देशातल्यापेक्षा इथे त्यांचा उपयोग जास्त. उद्या शीतक असलेला कॅमेरा घेतलात तर उणे वीसचा आग्रह धरू नका. तो हवेपेक्षा तीस-पस्तीस अंशच खाली जातो. शून्य किंवा उणे पाचवर बाराही महिने ठेवता येईल, आणि डार्क पुन्हा पुन्हा काढावे लागणार नाहीत.

दिव्यांबद्दल लोक हताश होऊन बोलतात. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश मुख्यतः एका ठरावीक तरंगलांबीभोवती असायचा, फिल्टरनं तो अडवता यायचा. पांढरे एलईडी सगळ्याच रंगांत सांडतात. हायड्रोजनचा ६५६ आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा आत सोडणारा दुहेरी फिल्टर तेजोमेघांसाठी फार चांगला. पण देवयानीसारख्या दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. तिथे तो फिल्टर काही देत नाही. त्यासाठी सत्तरी, सांगे, काणकोण अशा अंधाऱ्या तालुक्यांकडे जावं. आणि पैसे न लागणारा उपाय म्हणजे बोलणं. मी शेजारी जाऊन म्हटलं, “वहिनी, अमावस्येच्या आसपास दहानंतर मागचा दिवा मालवाल का?” त्या म्हणाल्या, “मालवते, पण मग आम्हालाही दाखव.” आता त्यांची मुलं माझ्या आधी परसात हजर असतात.

हंगाम नोव्हेंबर ते मे. आकाशगंगेचा मध्य मध्यरात्री सर्वांत उंच येतो तो जूनमध्ये, पावसाच्या ढगांमागे. म्हणून गोव्यात तो मार्चपासून पहाटे गाठावा लागतो. चारनंतर वृश्चिक आणि धनू चांगले वर आलेले असतात. गजर लावून उठायची तयारी ठेवा.

‘सीस्टार’सारख्या स्मार्ट दुर्बिणींबद्दल हल्ली सगळे विचारतात. पन्नास मिलिमीटरचं भिंग, आत कॅमेरा, मोबाइलवर बोट ठेवलं की फोटो. शाळेसाठी, आजी-आजोबांसाठी, वेळ नसणाऱ्यांसाठी ती खरोखर छान आहे. पण प्रत्येक पायरी आपल्या हातानं शिकायची असेल तर ट्रॅकर आणि लेन्स घ्या.

आणि ज्या दुर्बिणीच्या प्रश्नापासून तुम्ही सुरुवात केलीत ती? ट्रॅकरवर एक पूर्ण हंगाम काढा. दोन-दोन मिनिटांचे साठ फोटो ‘सिरिल’ या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायला शिका. ते मोफत आहे. १३५ मिलिमीटरची चौकट तुम्हाला मोठी वाटू लागली, धनूतला लगून तेजोमेघ आणखी जवळून हवासा वाटला, की ६० ते ७० मिलिमीटरचा, चारशेच्या आसपास नाभीय अंतराचा ॲपोक्रोमॅटिक अपवर्तक (रंगदोष कमी असलेली भिंगांची दुर्बीण) घ्या, फील्ड फ्लॅटनर (कोपऱ्यातले तारे सुधारणारं भिंग) लावून. त्याच्यासोबत बारा-पंधरा किलो पेलणारं माउंट आणि गायडिंगचा, म्हणजे माउंटच्या बारीक चुका सुधारण्यासाठीचा छोटा कॅमेराही लागेल, म्हणून त्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. तोवर चिरे पुरून घ्या. ते काम ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर जमीन मऊ असतानाच होतं.