बुलबुलाचं पिल्लू आईबाप किती दिवस सांभाळतात?

तुम्ही विचारलंत म्हणून. एप्रिल-मे आला की नागपुरात हा प्रश्न हमखास येतो: बुलबुलाचं पिल्लू कूलरमागे बसलंय, उडता येत नाही, आईबापांनी सोडलं का?

सोडलेलं नसतं. लालबुड्या बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लं जेमतेम १२-१३ दिवसांची असतानाच घरट्याबाहेर पडतात. शेपूट नखाएवढी, उडणं म्हणजे या फांदीवरून त्या फांदीवर उडी. तरी घाई, कारण घरट्यात सगळी एकत्र असली की मांजर किंवा भारद्वाज एका फेरीत सगळी संपवतो. विखुरली तर एखादं वाचतं. आईबाप हाकेवरून प्रत्येकाला शोधून भरवत राहतात.

किती दिवस, ते हवामानावर पुष्कळ अवलंबून. युरोपात बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांत घरटं सोडल्यावर २-३ आठवडे. उष्ण प्रदेशांत अनेकदा त्याच्या दुपटीच्या आसपास. लंडनचा जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा, अळ्या मुबलक, म्हणून तिथली ग्रेट टिट ही छोटी गाणारी पक्षीण एका वेळी ७-९ अंडी घालते. पण उन्हाळा तोकडा. थंडीआधी पिल्लं मोकळी करावीच लागतात. नागपूरचा सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच, बुलबुलाची अंडी २-३. उष्ण प्रदेशात पूर्ण वाढ झालेले पक्षी सहसा जास्त वर्षं जगतात. तेव्हा पिल्लं थोडी आणि प्रत्येकावर मेहनत जास्त, हे परवडतं. सातभाईंमध्ये तर अख्खा थवा भरवतो, आणि मोठी झालेली पिल्लंही बरेचदा त्याच थव्यात राहतात.

आता कूलरमागचं पिल्लू. अंगावर पिसं नसतील तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाच्या वासानं आई टाकते, हे खोटं आहे. पिसं असतील तर जवळच्याच दाट, सावलीतल्या फांदीवर बसवा आणि पंधरा पावलं लांबून तासभर बघा. जवळ उभे राहिलात तर आईबाप येणारच नाहीत. दूध-पोळी नको, पक्ष्यांना दूध पचत नाही. ४५ अंशांत चोचीत पाणी ओतायचा मोह होतो. ते श्वासनळीत जाऊन पिल्लू मरतं. जखमी असेल तर सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे वन्यजीवांच्या उपचार केंद्राला न्या.

पिंजऱ्यात ठेवू नका. कायद्यानं मनाई आहेच. शिवाय किडा कुठे शोधायचा, शिकरा दिसला की कसं दबून बसायचं, हे ते याच आठवड्यांत आईबापांमागे फिरून शिकत असतं.